अजून अर्ध्या अक्षरात

समडोळीच्या खालच्या अंगाला आमचं दीड एकर
पाणी पिऊन पिऊन मेलं.
उन्हं तापली की वर मीठ फुटतं, पायाखाली कुरकुरतं.
ऊस सोडाच, तिथं लव्हाळाही धड उभा राहत नाही.

मी मोटारी भरतो.
जळक्या मोटारीतलं तांबं किलोवर जातं. मी ते विकलं नाही.
ज्या मोटारींनी हे रान बुडवलं
त्यांचीच तार त्याच रानात पुरली,
वीतभर खोल, चाकाच्या आऱ्यांसारखी.
कोंबाला जाळणारं मीठ विजेला मानवतं.
एवढी चांगली अर्थिंग अख्ख्या तालुक्यात नसेल.

मधोमध चाळीस फुटी पाइप,
तिथून आडवी तार वेड्या बाभळीपर्यंत,
खाली निळ्या बॅरलवर गुंडाळलेली कॉइल.
बॅरलवर अजून तणनाशकाचं चित्र आहे.
एकशे छत्तीस किलोहर्ट्झ. एक लाट बावीसशे मीटरची:
तिचं डोकं वारणेच्या पुलावर पोचतं
तेव्हा शेपूट माझ्या शेडमध्येच असतं.

इतक्या खालच्या सुरात बोलायचं तर सावकाश.
एक डॉट एक मिनिटाचा, डॅश तीन मिनिटांचा.
कान इथं कामाचे नाहीत.
गोंगाटाच्या तळाशी आवाज इतका बारीक
की तो फक्त बघता येतो,
काळ्या पडद्यावर,
फरशीवरून गोगलगाय गेल्यावर राहते तशी रेघ.
शेतीची लाईट ज्या आठवड्यात दिवसा असते
तेवढाच आमचा आठवडा.
रात्रीची असली की पंचक्रोशीतले स्टार्टर
पडद्याला खरूज आणतात.

शेजारचा पायगोंडा हळद शिजवायला रात्रीचा रानातच असतो.
पिवळ्या हातांनी दार ढकलतो.
"कोन हाय आज?"
ओखोत्स्कच्या समुद्राकाठचा एक जण.
"काय म्हनतोय?"
अजून अर्ध्या अक्षरात आहे.
तो जातो, एक कढई उतरवतो, परत येतो.
"आता?"
ते अक्षर झालं. दुसरं लागलंय.
तंबाखू मळत तो पडद्याकडं बघतो.
"तुझ्या अण्णांगत हाय की रं ह्यो,"
म्हणतो, आणि जीभ चावतो.

अण्णांचं तोंड वाकडं झालं त्याला दोन वर्षं.
शब्द येतात, पण लांबून.
घरचे घाईनं पुढचं बोलून टाकतात:
पाणी? उशी? बाहेर नेऊ?
नाही नाही म्हणून ते दमतात.
मी नुसता बसतो.
परवा 'खा' आणि 'ल' यांच्यामध्ये
चहावर साय धरली.
खालच्या रानात, म्हणायचं होतं,
काय पेरलंस?
तांबं, म्हटलं.
ते हसले, एका बाजूनं.

तिसरी रात्र.
पहिल्या रात्री त्यानं माझं नाव ओळखलं, निम्मंच.
दुसऱ्या रात्री कुठंतरी वीज चमकत होती, सगळं पुसलं.
आज दोन डॅश आले, सात मिनिटांत: दिसतोयस, बरा दिसतोयस.
मीही तेवढंच कळवलं.
हवापाणी नाही, वय नाही, मुलंबाळं नाहीत,
एवढ्याला जागा कुठली?
आता त्याच्याकडून एक 'आर' यायचा राहिला.
डॉट, डॅश, डॉट. पोचलं, एवढाच अर्थ.
तो आला की भेट झाली.

डॉट आला.
डॅश आला, मधे थोडा तुटका.
तिकडं दिवस उगवला की रेघ विरते,
आणि तिकडं दिवस उगवतो
तेव्हा माझ्या घड्याळात चार वाजलेले असतात.
तीन अठ्ठावन्न.
बाहेर टिटवी ओरडली, पायगोंडाची भट्टी विझत आलेली.
पडद्यावर काळं, काळं,
आणि एक करडा ठिपका,
जो असेलही.

डॉट-डॅश एवढंच धरलं तर तो 'ए' होतो.
'ए' म्हणजे काहीच नाही.
वहीत पेन्सिलीनं तेवढं लिहिलं
आणि पुढं जागा सोडली,
एका डॉटाएवढी.