परवान्यावरची ओळ

विचिटाच्या दक्षिणेला गव्हाची कापणी उरकली
की आभाळ जरा जास्तच मोठं होतं.
स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन कागद,
उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी.
एक सायटेशन. एक फेनम. एक लिअरजेट.
पैसे एकाचेच.

चार वर्षं मी फवारणीचं विमान चालवलं,
विजेच्या तारांखालून, सूर्यफुलांच्या डोक्यावरून.
केसांना औषधाचा वास, पगार हंगामापुरता.
आता जेट.
परवान्यावर एक ओळ छापून येते
आणि मग ती ओळच तुमचं आडनाव होते:
भेटेल तो विचारतो, तू कशावर आहेस?

लॉनी पेनर, ज्याने अर्ध्या कॅन्ससला उतरायला शिकवलं,
म्हणाला, सायटेशन घे, ट्रेसा.
धावपट्टी आहे तिथे एक उभं असतंच,
आणि उजव्या खुर्चीतलं कोणीतरी आजारी पडतंच.
फेनम चांगलं आहे, पण त्यासाठी
फ्लॉरिडात जाऊन राहावं लागेल,
आणि तुला तर इथलेच डास सहन होत नाहीत.
लिअरबद्दल तो काहीच बोलला नाही.
टोपी काढून तिच्या आत बघत बसला,
आत काही लिहिलेलं असावं तसा.

कारण माझे वडील.
एकतीस वर्षं लिअरच्या कारखान्यात,
पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरून.
एक जण रिव्हेट ठोकतो,
दुसरा तो दणका अंगावर घेतो.
वडील दुसरे.
कारखान्याने जेट बनवणं थांबवलं
त्याच्या कितीतरी आधी त्यांचे कान थांबले होते.
आमच्या घरात बोलणं चालतं
बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

मी लिहिलं: लिअर घेऊ?
लिहिताना वाटलं, मी त्यांना काहीतरी देतेय.
त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली,
कडेला हिशेब मांडला:
अजून किती उडतायत, वर्षाला किती भंगारात जातात,
माझे केस पिकतील तेव्हा किती उरतील.
उत्तर लिहिलं नाही. नुसती रेघ ओढली.
मग खाली, बहिरी माणसं मोठ्याने बोलतात
तशा मोठ्या अक्षरांत:
त्यात मी आहेच. तू कशाला?

मला राग आला. खरं सांगते.
इतक्या सहज कोणी स्वतःला खोडतं?
बाहेर जाऊन ट्रकच्या टायरला लाथ घातली.
टायरला काही झालं नाही.

सायटेशन. पंधरा दिवसांचा कोर्स.
पहिल्या सकाळी ते सोडायला आले
आणि खुणेने म्हणाले, आत येतो.
सिम्युलेटर म्हणजे एक पांढरी पेटी,
सहा पायांवर उभी, मागे केबलींचा गुंता.
त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.
मग दुसरी, हात पुढे करून, काही चाचपत.
तिथल्या मास्तरीणबाईंनी विचारलं, काय हवंय त्यांना?
मला कळलं होतं, पण सांगायला वेळ लागला.
पेटीला पंख नव्हते.

दुपारच्या सुट्टीत त्यांना हँगरमध्ये नेलं.
खरं सायटेशन, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यातलं;
जन्मभर ज्यांना ते नुसतं ‘तिकडचे’ म्हणत आले, त्यांचं.
पंखाखाली वाकून ते रिव्हेटच्या ओळीवरून
नख फिरवत गेले, मुळापासून टोकापर्यंत, ओठ हलवत.
टोकाजवळ एक सापडला, केसभर वर आलेला.
त्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसले,
शेजाऱ्याच्या नव्या भिंतीला ओल आली
की माणूस हसतो, तसे.