समोरच्या घरातला दिवा

गाडीच्या डिकीत माझ्या बर्फाचं फावडं असतं,
बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्यांचा गठ्ठा,
आणि अर्धा डझन बल्ब.
लोक घर सोडताना गेलेले दिवे तसेच सोडून जातात
आणि अंधारी खोली कायानीत खपत नाही.
अंधार इथे फुकट मिळतो, डिसेंबरात दुपारी तीनपासून.

सव्वीस वर्षं झाली.
या गावातली घरं मी वासावरून सांगेन:
निजलेल्या सौनाचा वास, तळघरातल्या तेलाच्या टाकीचा,
आणि आणखी एक, त्याला नाव नाही,
मुलं हेलसिंकीला गेली की चारेक वर्षांनी धरतो.

जाहिरातीत मी लिहिते 'शांत परिसर',
म्हणजे कोपऱ्यावरची शाळा बंद झाली.
'निसर्गाच्या कुशीत' म्हणजे बस येत नाही आता.
खोटं एकही नाही.
कायदा कडक आहे आणि गाव एवढंसं;
फसवलेला माणूस दुसऱ्या दिवशी
दुधाच्या फ्रिजपाशी भेटतो, नमस्कारही करतो.

ताउनो कार्प्पिनेन दर मे महिन्यात फोन करायचा.
"मार्केत्ता, विकून टाकावं म्हणतो."
मी जायची. भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावायची, फोटो काढायची.
मग ओळीने पाच रविवार माणसं यायची,
हा सगळ्यांना कॉफी ओतायचा,
आणि मागे नेऊन बर्चचं सरपण दाखवायचा,
फोडून, रचून ठेवलेलं, तीन हिवाळ्यांचं.
घर विकणारा माणूस तीन हिवाळ्यांचं सरपण फोडतो?
सप्टेंबरात पुन्हा फोन: "यंदा राहू दे."

अशी सात वर्षं.
ऑफिसातला पोरगा म्हणाला, मॅडम, पेट्रोल तरी सुटतं का?
फॉर्मवर कारणांचे चौकोन असतात.
मी 'किमतीवर एकमत नाही' यावर खूण करत आले.
'माणसं यावीत म्हणून' असा चौकोनच नव्हता.

आठव्या वर्षी त्याने मार्चमध्येच बोलावलं.
बर्फ खिडकीच्या कठड्याला टेकलेला.
रोवेना आली, जिल्हा रुग्णालयातली नर्स, मूळची इलोइलोची,
नवरा, आणि सौनात शिरून बाहेर यायला तयार नसलेला मुलगा.
तिने छप्पर विचारलं नाही, टाकी विचारली नाही.
म्हणाली, "मी रात्रपाळीवरून येते.
समोरच्या घरात दिवा असतो का?"

समोरचं घर माझ्याच यादीत आहे, चार वर्षांपासून.
वारस स्वीडनमध्ये. विजेचं बिल तेवढं भरतात.
मी तोंड उघडणार, तोच ताउनो म्हणाला,
"तिथे कुणी नाही.
दिवा मी लावतो. संध्याकाळी जाऊन.
चावी म्हातारीने माझ्याकडेच ठेवली होती."

चार वर्षं मी त्या ओसरीखाली उभी राहून
मनात म्हणत होते,
कुठल्या कंपनीचा बल्ब हा, जातच नाही.

सौदा झाला. मागितल्यापेक्षा सहा हजार युरो कमी,
सरपणासकट.
आणि कागदावर न येणारी एक चावी,
तिने ती नर्सच्या पट्ट्याला अडकवली.
मला ते दिसायला नको होतं. मी पेनाचं टोपण शोधत बसले.

ऑक्टोबरात तो माझ्या ऑफिसात आला, टोपी हातात.
दोन खोल्या हव्यात. तिसरा मजला चालेल.
मी सगळं पाठ म्हणून दाखवलं: लिफ्ट आहे, औषधांचं दुकान खाली,
सौना बुधवारी, सामायिक.
तो म्हणाला, "समोर कोण राहतं?"

सव्वीस वर्षांत हे मी कधी पाहून ठेवलं नव्हतं.
चावी घेतली, दोघे वर गेलो.
रिकाम्या खोलीत माझा हात सवयीने बटणाकडे गेला.
"नको," तो म्हणाला. "लावलास तर आपणच दिसू."

तसेच उभे राहिलो काचेपाशी, पायांत निळ्या पिशव्या,
समोर चार मजले, सोळा खिडक्या.
साडेपाच झाले. पावणेसहा.