साडेतीन विसा

"तीन," बाबा म्हणाले, "मग चार नि साडेतीन विसा,
मग एक नि अडीच विसा…"
फेरो बेटांवर आकडे अजून असेच विसांत बोलतात,
आणि बाबा तर फोनवर ते मेंढ्यांसारखे
एकेक करून फाटकातून आत घेत होते.
इकडे ऑलबोर्गला, चौथ्या मजल्यावर,
मी चौऱ्याहत्तर लिहिले, एक्कावन्न लिहिले,
पुढचा येईपर्यंत थांबले.

"आता पासवर्ड."
"तो दर वेळी बदलतो गं."
"बदलायच्या आत वाच."
मागे कुत्रा भुंकला. सांडवीकला धुकं उतरलं असणार.

"हे विचारतंय, सुन्वाला आत घेऊ का?"
"घे."
"सुन्वा कोण, ते नाही विचारलं."
"बाबा, हिरवं बटण."

आणि त्यांचा पडदा माझ्या पडद्यात उघडला.
बाण हलला तसा त्यांनी माउसवरचा हात
तापल्या तव्यावरून काढावा तसा काढला.
"मी काही करत नाहीये. शपथ."
"मी करतेय."
"अच्छा," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ
फक्त त्यांचा श्वास.

कळपाची नोंदवही उघडत नव्हती, तक्रार एवढीच.
एक अपडेट अडकलं होतं, चार मिनिटांचं काम.
वही उघडली: मेंढीचं नाव, कानाची खूण, वजन,
ऑक्टोबरात गेली की राहिली.
आणि अगदी उजवीकडे, सरकवल्याशिवाय न दिसणारा
एक रकाना: सुन्वाला विचार.

पान आडवं कसं छापायचं.
काळ्या मेंढीला ते औषध चालेल का.
तिकडे मासे ताजे मिळतात का.
खालच्या घरातला माणूस अजून रात्री ट्रंपेट वाजवतो का.
तीन वर्षांच्या तारखा. एकालाही उत्तर नाही.

मी काही बोलले नाही. बाण तिथेच ठेवला.
तोही त्यांना दिसत होता,
हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

"ते नंतर," ते म्हणाले. "फोन महाग पडतो."
फोन आता फुकट असतो. दोघांनाही ठाऊक होतं.
"मासे मिळतात," मी म्हणाले, "ताजे नाहीत."

शेवटी एक चौकट उरली:
घरी कोणी नसतानाही प्रवेश द्यायचा?
"खूण कर बाबा. पुन्हा आकडे नकोत वाचायला."
"नको."
"का?"
"मी डोंगरावर असताना तू येऊन गेलीस
तर मला कळणार कसं?"

तर ती चौकट रिकामीच आहे.
मी लाल फुलीवर टिचकी मारली, सांडवीक मिटलं,
आणि त्या प्रोग्रॅमने विचारलं: संपर्क कसा होता?

"तुलाही विचारतंय का?" फोन अजून चालू होता.
"हो. पाचपैकी तारे द्यायचेत."
"मी चार दिलेत."
"चारच?"
"पाच दिले तर त्यांना वाटेल,
आता सुधारण्यासारखं काही उरलं नाही."