आवक क्रमांक

खारभूमी उपविभागाच्या फाटकाला कुलूप नसतं.
लावायला शिपाई नाही.

भिकाजी खवणेकर निवृत्त झाला त्या मार्चात
उघाडीची किल्ली त्याने माझ्या टेबलावर ठेवली
आणि पावती मागितली.
मी लिहून दिली: किल्ली एक, लोखंडी, गंजलेली, चालू स्थितीत.
ती घ्यायला नंतर कोणी आलं नाही.
आला तो कागद: पद व्यपगत.
केवढा स्वच्छ शब्द.
त्यात माणसाला हात न लावता जागा मारता येते.

मग मोजणीदार सोलकरची बदली, थेट सिरोंच्याला,
कारण भाऊंच्या कोळंबीच्या तळ्यापाशी
त्याने टेप धरली होती
आणि टेप, बिचारी, खरं बोलली.
मग ओव्हरसियर कंत्राटी.
मग कंत्राटही संपलं.
मग जीप गेली, तिच्यामागून डिझेलचं रजिस्टर.

त्या वर्षीच्या सभेत भाऊ माइकवर म्हणाले,
"हापिसात कुत्रं फिरकत नाही.
कशाला पोसायचं असलं हापिस?"
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या असतील. हात सवयीने उठतात.

भिकाजी म्हणायचा, बांध उधाणान फुटना नाय रे,
तो कुर्ल्यांनी आधीच पोखरलेलो आसता.
उधाण येता ता नुसता सांगूक.

काल सुलोचना कोयंडे आली.
ओच्यात मूठभर भात, लोंबी पांढऱ्या,
जिभेला लावून बघा म्हणाली.
खारट.
"भाऊंकडे जा म्हणतत सगळे.
डंपरभर माती देतीत ते, नाय म्हणणत नाय.
पण थंय आधी इचारतत, मत कोणाक दिलंस?
हंय कोण इचारणा नाय.
माका नंबर घाला. आणि पोच द्या."

मी आवक नोंदवही उघडली.
वाळवीने समासाची बाजू खाल्लीय,
रकाने शाबूत आहेत.
आमदाराचं पत्र सत्तेचाळीस.
त्याच्या खाली, त्याच शाईत, त्याच रुंदीच्या ओळीत
कोयंडे सुलोचना, अठ्ठेचाळीस.
एवढंच येतं मला.
तेहतीस वर्षांत शिकलेली ही एक गोष्ट,
की सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस येतो
आणि मध्ये कोणाला घुसता येत नाही.

अर्ज पुढे कुठे पाठवायचा ते मी तिला सांगितलं नाही.
पुढच्या टेबलावर पंखा आहे, खुर्ची आहे.

पोच तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली,
रेशनकार्ड आणि मतदानाच्या ओळखपत्राच्या मधोमध,
आणि पिशवीला गाठ मारली. दोनदा.

आज अमावास्या.
भरती रात्री साडेबाराला.
ड्रॉवरमधून किल्ली काढली आहे, खोबरेल लावलंय.
हे माझं काम नव्हे, पदनामात बसत नाही,
आणि उघाडीचं चाक एकट्याला फिरत नाही.
भिकाजीच्या घरात दिवा दिसतोय.