लेबल निघालेला डबा

गुरुवारी चर्चच्या तळघराबाहेर रांग लागते.
मी साडेनवालाच जाऊन बसते. गुडघे.
पहिल्यांदा आले तेव्हा काळा चष्मा लावून
चार गल्ल्यांचा वळसा घेतला होता.
मोनोंगाहेलावर धुकं, चष्म्यातून काही दिसेना,
पायरीला ठेचकाळले ती थेट ओळखीच्या माणसांत.

या आठवड्याचं खोकं:
राजम्याचे दोन डबे, तांदूळ, ओट्स,
पीनट बटर, दुधाची पावडर, टोमॅटो,
भोपळ्याचा गर (थँक्सगिव्हिंग होऊन तीन महिने झाले,
हा काही संपायचं नाव घेत नाही),
आणि एक डबा, लेबल निघालेला.
कानाशी धरून हलवला.
आत काहीतरी सावकाश कूस बदलतं.

एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली,
एका वेळी चारशे पोरांचं सूप.
तुझ्याकडे एकच शेगडी, डेल्फिना, म्हणून सांगते:
डब्यातला राजमा चाळणीत धू, बरंचसं मीठ तिथंच जातं.
कांदा तेवढा विकत घे. कांद्यात हात आखडू नकोस.
मंद आचेवर परत, तुला कंटाळा येईपर्यंत,
आणि कंटाळा आल्यावर अजून थोडा.
मग टोमॅटो. मग भोपळा.
हो, भोपळाच. नाक मुरडू नकोस,
रस्सा दाट होतो नि मुलांना पत्ता लागत नाही.
मूठभर ओट्स टाकलेस तर दोघांचं चौघांना पुरतं.
पीनट बटर चमचाभर, गरम पाण्यात कालवून,
आच बंद केल्यावर व्हिनेगरचे चार थेंब.
व्हिनेगर विसरलीस तर जेवण होईल,
चव होणार नाही.

सांगायचं दुसरंच होतं.

खोकी भरतो ना, तो लाल दाढीवाला,
लायल ह्रुस्का. चौथीत होता.
ऑफिसातून यादी यायची, ज्यांचे पैसे थकले त्यांची.
यादीत नाव असलं की पोराचं गरम ताट काढून घ्यायचं,
हातात द्यायचे ब्रेडचे दोन तुकडे, मधे चीजची चकती. थंडगार.
ताट कचऱ्यात. वाढलेलं परत ठेवायचं नाही,
असाही एक नियम होता.
मी ओढलं तेव्हा त्यानं सोडलं नाही लगेच.
अंगठा बटाट्यात रुतला होता, ग्रेव्हीत,
इतकं घट्ट धरलं होतं.
मग सोडलं.
बाकावर बसून बराच वेळ अंगठा चाटत होता.

नियम माझा नव्हता.
हात माझे होते.

मला ओळखलं की नाही, त्यानं कधी दाखवलं नाही.
खोक्याच्या यादीत कांदा नसतो.
माझ्या खोक्यात असतो.
सगळ्यांच्याच असेल म्हणून
तुझ्या खोक्यात डोकावून पाहिलं मागच्या खेपेला.
राग मानू नकोस.

काल तो डबा उघडला.
मनाची तयारी मटारची केली होती.
पीच निघाले, साखरपाकातले, पिवळेधमक.
ओट्याशी उभ्या उभ्या तीन फोडी खाल्ल्या,
चौथी खाताना रडू आलं, हसूही,
मग झाकण लावलं नि राजमा धुवायला घेतला.

आज बसमधून पातेलं आणलं, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर.
तुम्हा सगळ्यांना वाढलं, त्याला शेवटी.
वाडगं काठोकाठ.
एक घास खाऊन म्हणाला,
"मीठ कमी आहे, मिस व्हर्ना."

इथल्या फॉर्मवर मी कोसिक आहे, नुसती कोसिक.
मिस व्हर्ना म्हणायची ती शाळेतली पोरं.

"मुद्दाम," मी म्हटलं.
पुढे काही बोलायचं होतं,
जमलं नाही.
त्यानं वाडगं दोन्ही हातांनी धरलं होतं,
अंगठा काठाच्या आत.
मी पातेल्यात बघत राहिले.
तळाशी अजून दोघांपुरतं होतं.