हातचा

रात्री साडेआठला आमच्या धनकवडीच्या सोसायटीत
कुकरसुद्धा शिट्टी दाबून धरतात.
पडद्यावर कणाद येतो,
आठ वर्षांचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली,
एकदा पाहिलेला गाडीचा नंबर कधी न विसरणारा.
आणि त्याच्या मागे, कायम मागेच,
धाकटा काका.

सकाळी तळजाईवर ढमढेरे सांगतात,
बाप जिवंत आहे, लिहून घ्या,
पानशेतच्या बंगल्यात डांबलाय.
मृणाल पोफळेचा संशय आईवर:
एवढं रडून काजळ कसं पसरत नाही?
वॉचमन तावरे रात्रपाळीत मोबाइलवर बघतो.
म्हणतो, पोरगं इतकं हुशार, तर पोलिसात का जात नाही?
वीजबिलाच्या खिडकीवर, माझ्यासमोर,
एक बाई सुट्टे मोजता मोजता म्हणाल्या,
आमचा शार्विल अगदी असाच, या ना एकदा बघायला.
मी पावती दिली.

गुरुवारी, पाणी नव्हतं त्या दिवशी,
काकाने कणादला तिजोरीपुढे बसवलं.
बापाने जाताना कोडं घातलेलं,
घराचा जुना नंबर गुणिले नवा.
सदतीस त्रेचाळीस, बोल राजा.
खांद्यावर काकाचा हात.
कणाद म्हणाला, पंधराशे एक्क्याऐंशी.
तिजोरी उघडली नाही.

शुक्रवारी टेकडीवर हाच विषय.
लेखकाला साधा गुणाकार येत नाही!
त्या काकाच्या फोनमध्ये कॅल्क्युलेटर नाही?
ढमढेरे वाहिनीला पत्र लिहिणार आहेत.
मी बुटाची नाडी बांधत राहिले.

कारण मला तो हात माहीत आहे.
खांद्यावर नुसता ठेवलेला, वजन नसलेला,
पाहुण्यांना कौतुक वाटावं असा.
साताऱ्याहून बाबांचे साहेब आले होते, मी नऊ वर्षांची,
त्यांच्या बशीत चकलीचा अर्धा वेढा.
अडुसष्ट सत्तावीस, बोल बेटा.
त्याआधी कितीतरी बोलून झाले होते.
एक सांगितलं की दुसरं विचारायचे,
परकर सावरून बसलेली मी, आणि बाहेर
मुलींचा लगोरीचा गलका.
सात आठे छप्पन्न, हातचे पाच.
मी चारच धरले.
अठराशे सव्वीस.
साहेब हसले. बाबाही हसले, जरा उशिरा.
हात खांद्यावरून निघाला
आणि पुन्हा कधी कुणी विचारलं नाही.
लगोरी तोवर संपली होती.

कणादनेही एकच गाळलाय.
तीन सत्ते एकवीस, हातचे दोन, त्याने एक धरला.
अशी चूक येत नसलेल्याच्या हातून होत नाही,
ती नीट मोजून करावी लागते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल पुन्हा तोच प्रसंग दाखवला, मागील भागात म्हणून.
आई खाली बसून पावटे सोलत होती,
चौथीत शाळा सुटलेली माझी आई,
किराण्याची यादीसुद्धा बाबांकडून तपासून घेणारी.
एक्क्याऐंशी, पोरगा म्हणाला.
एक्क्याण्णव, आई म्हणाली.
मान वर न करता.
मी तिच्याकडे बघत राहिले.
शेंग उकलली, दाणे ताटलीत पडले,
एक किडका तिने बाजूला काढला.

तुझे छत्तीस होते, ती म्हणाली,
आणि रिमोट मागितला.