टर्बो

पुण्याहून आणली, तीन मालक झालेली ऑक्टाव्हिया,
बॉनेटवरचा लाल रंग उन्हानं उडालेला.
आर्वीत जो तो विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते, भाऊ?"
मी सांगत नाही.

नागपूरचा ढोमणे लॅपटॉप जोडून गेला,
अठ्ठेचाळीस घोडे वाढले म्हणाला.
इस्राइल मिस्त्रीनं पेचकसाचं टोक इंजिनला टेकवलं,
मूठ कानाला,
डोळे मिटले.
"तिसरा खोकून राह्यला."
प्लग काढला, तर काजळी.

पहाटे साडेचारला पुलगावचा रस्ता,
दोन्हीकडे तूर, मध्ये कोणी नाही.
तिसऱ्या गिअरात दाबली
आणि पोट माझं आर्वीतच राहून गेलं.
मिस्त्रीनं तंबाखू मळणं थांबवलं.
मग रेल्वे फाटक.
बंद.
कोळशाची मालगाडी. छप्पन डबे. मोजले आम्ही.

पळवून आणल्यावर लगेच बंद नाही करायची,
टर्बो जळतो.
अंगणात दोन मिनिटं तशीच घरघरू द्यायची.
त्या आवाजावर आत दिवा लागतो,
कुंदा चहाचं आधण ठेवते.
मी चावीवर हात ठेवून
अजून थोडा
बाहेरच असतो.